चावी दिली, कपाट दिलं

ताबा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मालमत्तेचे दस्त करणाऱ्या वकिलाच्या कचेरीत मी इतकी वर्षं कारकून आहे की, अशिलाशी बोलता बोलता वकीलसाहेब मध्येच माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवली की मगच पुढचं वाक्य उच्चारतात. निदान मला तरी तसं वाटतं. घर असो, गोदाम असो, नाहीतर गाय असो, एखादी वस्तू कायद्याने एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते हे मी झोपेतसुद्धा सांगेन. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी झोपेत तेच सांगत असतो.

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. वस्तू द्यायची म्हणजे ती उचलून द्यायला हवी, असं त्यांना वाटतं. छे! गोदामभर धान्य कोण उचलून देतो? गोदामाची चावी समोरच्याच्या हातावर ठेवायची, 'दिलं' म्हणायचं, की झाला ताबा. याला आमच्यात प्रतीकात्मक ताबा म्हणतात. हमाल नको, टेम्पो नको, कंबर लचकायची भीती नको. माणसाने इतका आरामशीर शोध दुसरा लावला नसेल. मी त्याचा घरी प्रयोग करायचं ठरवलं, एवढीच माझी चूक.

आमच्या दोन खोल्या. बायको शिवणकाम करते आणि फार सुंदर करते, त्यामुळे दोन्ही खोल्यांत कापडच कापड. खुर्चीत टेकावं तर "अहो, बाह्या आहेत तिथे!" पलंगावर आडवं व्हावं तर "उठा, अस्तर चुरगळेल." स्वतःच्या घरात ढुंगण टेकायला एक कोपरा हवा, एवढंच माझं मागणं होतं. खिडकीजवळ तसा कोपरा होताही, पण तिथे एक दोन दारांचं लाकडी कपाट ठाण मांडून बसलं होतं. धिप्पाड, काळंभोर, आणि चार माणसांशिवाय जागचं न हलणारं.

रविवारी सकाळी बायको हुक आणायला बाजारात गेली आणि मागोमाग तिचा धाकटा भाऊ आला. आला की तो त्या कपाटावरून हात फिरवतो आणि "काय लाकूड आहे, भाऊजी!" म्हणतो. त्या दिवशीही म्हणाला.

"आवडतं ना? मग दिलं तुला."

"खरंच? पण मी चौथ्या मजल्यावर राहतो. नेऊ कसं?"

"न्यायचं कशाला?" मी खुर्चीतल्या बाह्या बाजूला सारून ऐसपैस बसलो आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. गोदामापासून सुरुवात केली. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. असा श्रोता मिळाला की मला थांबता येत नाही.

"म्हणजे कपाट इथेच राहणार, पण माझं होणार?"

"अगदी बरोबर. तू सवडीने ने." कपाट हलवायचं हा माझा मूळ हेतू होता, हे मी कायद्याच्या भरात साफ विसरलो.

"आणि आतलं सामान?"

"असतील चादरी-बिदरी. काढू नंतर." मी कपाटाला कुलूप घातलं, चावी काढली आणि वकीलसाहेब करतात तसा घसा खाकरून ती त्याच्या तळहातावर ठेवली. "चावी ज्याच्या हाती, कपाट त्याचं. उद्या तुला कुणाला द्यावंसं वाटलं तर तूही नुसती चावी दे." हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर फार बरं झालं असतं.

मेहुणा गेला. मी चहा करून घेतला आणि आपल्या घरात कायद्याचं राज्य आलं या समाधानात बसून राहिलो. काही वेळाने बायको आली, पिशवी ठेवली आणि थेट कपाटाशी गेली.

"अहो, चावी कुठे गेली याची?"

"का गं?"

"का म्हणजे? नवरीचा पोशाख आत टांगलाय. धूळ बसू नये म्हणून काल रात्री ठेवला. हुक लावायचेत, संध्याकाळी तिची आई न्यायला येणार आहे. उद्या लग्न आहे तिचं."

तो पोशाख मी पाहिला होता. पांढरा, गळ्यापासून टाचेपर्यंत मण्यांनी भरलेला. बायकोने त्याच्यापायी दुसरी सगळी कामं परत पाठवली होती, डोळे लाल करून घेतले होते. तो वेळेवर गेला नाही तर ती मुलगी लग्नात काय घालणार? आणि मग आमच्या दाराशी कापड घेऊन पुन्हा कोण येणार?

"चावी तुझ्या भावाकडे आहे. आत्ता आणतो."

"त्याच्याकडे कशी गेली?"

"कायदेशीर बाब आहे," असं म्हणून मी चपला पायांत सरकवल्या आणि पळालो.

चार मजले चढून मेहुण्याच्या दारात पोहोचलो तेव्हा मला बोलताही येत नव्हतं. तो मात्र खुशीत होता.

"भाऊजी, तुमचं ज्ञान म्हणजे ज्ञान! बायको म्हणाली, ते धूड घरात आलं तर मी घराबाहेर जाईन. मग मी गेलो कोपऱ्यावरच्या जुन्या फर्निचरवाल्याकडे. त्याला तुमचं सगळं समजावलं, चावी दिली आणि बदल्यात एक टेबल घेतलं. ते पण दुकानातच ठेवलंय. कशाला हलवायचं?"

परीक्षेत पहिला आलेला मुलगा बापाकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. याला ओरडायचं तरी कसं? मी नुसतं त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढत नेलं.

फर्निचरवाला दुकानाच्या पायरीवर बसून पेन्सिलीने कान खाजवत होता.

"ते कपाट? गेलं की."

"कुठे गेलं? ते माझ्या घरात आहे!"

"घरात असेल. पण गेलं. चावी दिली मी." तो उठून उभा राहिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे ही युक्ती तुमची होय? साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आता सगळा माल लोकांच्या घरीच ठेवायचा आणि इथे नुसत्या चाव्या टांगायच्या!"

"दिलीत कुणाला?"

"जादूगाराला. तो खेळात माणूस गायब करतो ना, त्याच्या जुन्या कपाटाचं दार निखळलं. पण आतला माणूस मागून निसटायला हवा, म्हणून त्याच्या कामाच्या कपाटाला मागची फळी चालत नाही. ती कापायला तो करवत घेऊनच तुमच्या घरी गेलाय."

पोशाख टांगलेला असणार तो त्या मागच्या फळीलाच टेकून. मी धावत सुटलो. मागे मेहुणा, त्याच्या मागे "झालं काय, साहेब?" असं विचारत फर्निचरवाला. वाटेत माझी एक चप्पल निसटली. ती कुणी घेतली असेल तर त्याचा ताबा मी मान्य करतो.

घरात शिरलो तर कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी आणि कपाट रिकामं. मग पाहिलं तर खिडकीशी बायको बसली होती, मांडीवर तो पांढरा पोशाख होता आणि ती शांतपणे हुक लावत होती. शेजारी चष्मा लावलेला एक किडकिडीत मनुष्य टाचण्यांची उशी धरून उभा होता. करवत दाराला टेकवून ठेवली होती.

"हे फार सभ्य आहेत," बायको म्हणाली. "मी म्हटलं, आधी पोशाख काढू द्या. त्यांनी स्वतः कुलूप उघडून दिलं."

मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मी मटकन खुर्चीत बसलो. "बाह्या," ती म्हणाली. मी उठलो.

"आता मला एक सांगा. हे म्हणतात, कपाट यांचं आहे."

पोशाख वाचला होता, म्हणून माझा धीर परत आला. धीर आला की माझ्यातला कारकूनही येतो. मी घसा खाकरला. "आहेच त्यांचं. मी तुझ्या भावाला दिलं, त्याने यांना दिलं, यांनी जादूगारांना दिलं. दर वेळी चावी हातात दिलीय, दर वेळी राजीखुशीने. सगळं अगदी चोख आहे." मेहुणा आणि फर्निचरवाला यांनी माना डोलावल्या.

बायकोने दातांनी दोरा तोडला. "आणि तुम्हाला कुणी दिलं?"

"काय?"

"कपाट. माझ्या बाबांनी मला करून दिलंय ते, लग्नाच्या आधी. मी तुम्हाला कधी दिलं?"

आमच्या कचेरीत कुणीही आलं की पहिला प्रश्न असतो, तुम्ही याचे मालक कसे? मी तो प्रश्न इतक्या सवयीने विचारतो की एकदा पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही विचारला होता. जगात एकाच माणसाला तो विचारायचा राहिला होता, आणि तो माणूस मी होतो. जे माझं नव्हतंच, ते मी दिमाखात देऊन टाकलं होतं. म्हणजे मेहुण्याचं काही नाही, फर्निचरवाल्याचं काही नाही, आणि जादूगार तर परक्या बाईच्या कपाटावर करवत चालवायला निघाला होता.

मी मेहुण्यावर घसरलो. "तुला तरी ठाऊक असेल?"

"होतं की. बाबांबरोबर सुताराकडे मीच जायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढं कायद्याचं सांगत होता. मला वाटलं, लग्न झाल्यावर ते आपोआप तुमचं होत असेल."

जादूगाराने हळूच करवत उचलली. "येतो मी, ताई. पुढच्या खेळात मुलगी गायब नाही करणार. पत्त्यांचे खेळ दाखवीन." त्याचा चेहरा इतका पडला होता की मलाच कसंसं झालं.

बायको मात्र भावाला विचारत होती, "टेबल केवढं आहे रे?"

"मोठं आहे, ताई. कापडाचं अख्खं थान पसरेल."

तिने शेवटचा हुक लावला, पोशाख अलगद पलंगावर पसरला आणि कपाटाच्या कुलपातली चावी काढून जादूगाराच्या हातात दिली. "हे मी दिलं तुम्हाला. मालकिणीने दिलंय, आता कुणी विचारणार नाही. टेबल माझं. आणि कपाट आत्ताच्या आत्ता बाहेर, टेबल आत."

"आत्ता?" मी म्हणालो. "अगं, चावी दिलीस ना, मग उचलायची तशी..."

"साहेब," फर्निचरवाला म्हणाला, "तुम्ही खालची बाजू धरा."

प्रत्यक्ष ताबा म्हणजे काय, हे मी जिन्यात शिकलो. त्याचं वजन कुठल्याही दस्तात लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी नवरीची आई आली. पोशाख बघून तिने बायकोचे दोन्ही हात धरले. बायको हसली, आणि मी दिवसभराची कंबरदुखी विसरलो. ती बाई गेल्यावर मी खिडकीकडे पाहिलं. कपाट होतं तिथे टेबल होतं आणि कपाटापेक्षा हातभर पुढे आलेलं होतं.

"माझ्या कोपऱ्याचं काय?" मी विचारलं.

तिने टेबलाच्या खणाची छोटी चावी काढली, घसा खाकरला आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या. दिला तुम्हाला कोपरा. प्रतीकात्मक."

मी मोठ्या आशेने खण उघडून पाहिला. आत बटणं होती.