साच्याबरहुकूम पाचशे कार्डं

"शनिवारी मॅडमच्या हातात असं कार्ड ठेवते, की बाई घरी जाऊन ते फ्रेम करून लावतील!" आक्कानं जाहीर केलं, तेव्हा तिच्या एका हातात आरी होती आणि दुसऱ्या हातात अर्धवट शिवलेला पट्टा. हातात आरी असताना आक्काला कोणी अडवत नाही. नवरा मशीनवर शिवत होता, त्यानं नुसतं "हं" केलं. सासूबाई धाग्याला मेण लावत होत्या, त्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

आता ह्या मॅडम कोण, ते सांगायला हवं. त्या बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या खरेदीच्या मॅडम. तीन महिन्यांपूर्वी रस्त्यानं जाता जाता आक्काच्या दुकानात शिरल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली! चामड्याची पाकिटं त्यांनी उलटसुलट करून पाहिली, शिवण नखानं खरवडून पाहिली आणि म्हणाल्या, "काम छान आहे हो. कार्ड द्या तुमचं." कार्ड कुठलं असायला? आक्कानं चामड्याच्या एका कातरणावर खडूनं फोन नंबर लिहून दिला. मॅडमच्या पर्समध्ये तो नंबर त्यांच्या रुमालाला लागला आणि रुमाल धुण्यात गेला! बिचाऱ्या बाईंना गल्ली पुन्हा सापडायला तीन महिने लागले. परवा सापडली, तेव्हा त्या घाईत होत्या. दारातूनच म्हणाल्या, "शनिवारी येते. पाकिटं पसंत पडली तर वर्षभराची ऑर्डर देते. आणि ह्या वेळी कार्ड मात्र तयार ठेवा."

इकडे त्या तीन महिन्यांत काम आटलं होतं. नवऱ्यानं आपल्या जुन्या बॅगांच्या फॅक्टरीत शब्द टाकला होता आणि तिकडून निरोपही आला होता, सोमवारी हजर व्हा. ती फॅक्टरी दुसऱ्या गावी. म्हणजे सहा दिवस तिकडे आणि रविवारी घरी. पूर्वी चार वर्षं त्यांनी तशी काढली होती. त्या चार वर्षांत आक्का रोज सवयीनं एक ताट जास्त घ्यायची आणि मुकाट्यानं परत ठेवायची. ते तिला पुन्हा करायचं नव्हतं. शनिवारी ऑर्डर मिळाली तर नवरा घरी, नाहीतर सोमवारी फॅक्टरीत. इतका साधा हिशेब होता, म्हणून आक्का पेटली होती.

मजकूर ठरवायला तिघं दुपारी जेवणं झाल्यावर बसले.

"सगळ्यात वर ह्यांचं नाव हवं," सासूबाई म्हणाल्या. ह्यांचं म्हणजे सासऱ्यांचं. धंदा त्यांनी सुरू केलेला.

"आई, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. फोन आला तर उचलणार कोण?" आक्का म्हणाली.

"नाव वर, फोन खाली! मी कुठं म्हणते त्यांना फोन लावा म्हणून?"

नाव वर गेलं. नवऱ्यानं कागदाच्या कोपऱ्यात हौसेनं सुई-दोऱ्याचं चित्र काढलं.

"हे काय? गळाला गांडूळ लावलंय का? आपण मासे विकतो?" आक्कानं विचारलं.

सुई-दोरा रद्द झाला. वरच्या कडेला अगदी चिकटून सासऱ्यांचं नाव, मध्ये 'अस्सल चामडं, हातची शिवण' आणि खालच्या कडेला चिकटून फोन नंबर. ठसठशीत! चष्मा नसताना मॅडमना वाचता आला पाहिजे!

छापखानेवाले सज्जन माणूस. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "साइज नेहमीचीच ना?"

"नेहमीची म्हणजे काय? असं मोघम बोलायचं नाही! आमच्या धंद्यात मोघम चालत नाही." आक्कानं पिशवीतून एक पुठ्ठ्याचा साचा काढला आणि टेबलावर आपटला. दुकानातल्या खिळ्यांवर असे पंधरा-वीस साचे टांगलेले असतात. चामड्यावर ठेवायचे, कडेनं रेघ मारायची आणि कापायचं. ह्या साच्यावर आक्काच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'कार्ड'. "ह्या साच्याबरहुकूम छापा. केसभर कमी नको आणि केसभर जास्त नको."

छापखानेवाल्यांनी साचा उलटा केला, सुलटा केला. "आक्का, हा जरा मोठा वाटतोय."

"पाकिटं कोण शिवतं? मी का तुम्ही?"

"तुम्ही."

"मग कार्ड केवढं असतं ते कुणाला ठाऊक? मला नका शिकवू!"

त्या माणसानं जन्मात लाखभर कार्डं छापली असतील. पण त्यांनी आक्काकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पाचशेची ऑर्डर लिहून घेतली.

गुरुवारी सकाळी कार्डं आली. काय देखणी! कागद कसला जाड, टिचकी मारली तर वाजावा! सासऱ्यांचं नाव वाचून सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आक्कानं एक कार्ड दोन्ही हातांत धरून लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, तरी तिचं मन भरेना.

"आता एक पाकिटात घालून ठेव," नवरा म्हणाला. "मॅडम आल्या की ऐटीत काढून दे."

आक्का कार्ड पाकिटात घालायला गेली. जाईना.

"आडवं घाल."

"आडवंच आहे!"

"मग उभं घाल."

"उभं कसं घालू? फोन नंबर बाहेर लोंबतोय!"

"आणा इकडे, तुम्हा दोघांना मेलं काही जमायचं नाही," म्हणत सासूबाईंनी कार्ड घेतलं, जीभ दातांत धरली आणि असा काही रेटा दिला, की टर्रर्र! आजवर आक्काची एक शिवण उसवली नव्हती. ती तिच्याच कार्डानं उसवली.

नवऱ्यानं खिळ्यावरचा साचा काढला आणि कार्डावर ठेवला. तंतोतंत! मग कापून ठेवलेल्या चामड्याच्या तुकड्यावर ठेवला. तंतोतंत!

"अगं," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा कार्डाचा साचा नाही. कार्डाच्या कप्प्याचा आहे. शिवणीची जागा धरून कापलेला, म्हणून कार्डाहून मोठा."

'कार्डाचा कप्पा' एवढं पूर्ण लिहायचा तेव्हा आक्कानं कंटाळा केला होता. ती साच्याकडे बघत राहिली. ओरडायला दुसरं कोणी सापडेना, हेच मोठं दुखणं होतं.

"जाऊन दुसरी छापून आणू या का?" नवऱ्यानं विचारलं.

"अजिबात नाही! 'मला नका शिकवू' म्हणून ठणकावून आलेय मी. त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही!"

"मग कापू या." त्यानं पोलादी पट्टी आणि चाकू घेतला. "वरून कापतो."

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "ह्यांच्या नावाला पातं लावाल तर!"

"बरं, खालून कापतो."

"खाली नंबर आहे!" आक्का किंचाळली. "मग मॅडम फोन कुणाला करणार? सासऱ्यांना?"

चाकू खाली गेला. आक्का खोलीत तीनदा येरझारा घालून आली आणि एकदम थांबली.

"कार्ड मोठं नाहीच मुळी," ती म्हणाली. "पाकीट लहान आहे!"

शुक्रवारी सकाळी तिनं राखून ठेवलेलं उत्तम चामडं काढलं. नवे साचे कापले, नवी पाकिटं कापली, तिघांनी मिळून दुपारपर्यंत चार शिवली. कार्ड आत गेलं! अगदी अलगद!

"बघा!" आक्कानं छाती पुढे काढली.

नवऱ्यानं पाकीट पँटच्या मागच्या खिशात घातलं. अर्धं बाहेर राहिलं. तो खुर्चीवर बसला आणि पाकीट धप्पकन जमिनीवर पडलं.

"खिसा लहान आहे!" आक्का म्हणाली.

एव्हाना सासूबाईंनाही चेव आला होता. त्यांनी मुलाची पँट काढून घेतली, जुना खिसा उसवला आणि चादरीच्या तुकड्याचा नवा खिसा शिवला. तो गुडघ्याच्या जरा वर संपत होता. नवरा पँट घालून खोलीत चालून आला.

"कसं वाटतंय?" आक्कानं विचारलं.

"पाटी घेऊन शाळेत निघाल्यासारखं," तो म्हणाला. "अगं, पण आता प्रत्येक गिऱ्हाइकाची पँट काय आई शिवणार आहे?"

आक्का वाकून त्या खिशाची शिवण सारखी करायला लागली. मग म्हणाली, "सोमवारी तुम्ही जायचं नाही. मला दुसरं काही कळत नाही. जायचं नाही म्हणजे नाही."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं त्यालाही तिकडे एकट्याला घास गोड लागला नव्हता, पण हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "मग उद्या मॅडमपुढे मीच चालून दाखवतो."

शनिवारी मॅडम वेळेवर आल्या. दाराशी नवरा त्या खास पँटीत ताठ उभा. आक्कानं भल्यामोठ्या पाकिटातून भलंमोठं कार्ड ऐटीत काढून दिलं.

"अगबाई, केवढं हे! कुणाच्या लग्नाची पत्रिका आहे का?"

"आमची खास साइज आहे," आक्का म्हणाली.

मॅडमनी पाकीट हातात घेतलं. पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं आणि कप्प्यात सोडलं. कार्ड गडप! त्यांनी दोन बोटं आत घातली, बोटं पुरेनात. पाकीट उलटं केलं, हलवलं, टेबलावर आपटलं. कार्ड आत बसलं ते बसलं. शेवटी सासूबाईंनी दाभण घालून ते टोचून वर काढलं. मॅडमच्या नावाला मधोमध भोक पडलं.

मॅडमनी भोकाकडे पाहिलं. नवऱ्याच्या पँटीकडे पाहिलं. त्या गुडघ्यापर्यंतच्या खिशाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे नेमकं काय चाललंय?"

आक्काजवळ तीन थापा तयार होत्या. पण तो बापडा असल्या पँटीत निमूट उभा होता, त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं आणि एकही थाप तोंडातून निघेना. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. साचा, छापखाना, सासरे, खिसा, फॅक्टरी, सगळं! "चूक माझी आहे, मॅडम. पण शिवण बघा. शिवणीत चूक नाही."

मॅडम हसू लागल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा पँटीकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "जुनी पाकिटं दाखवा." शिवण नखानं खरवडली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"चारशे," त्या म्हणाल्या.

"चारशे काय?"

"पाकिटं. वर्षभरात. पण ह्या जुन्या साइजची बरं का!"

सासूबाईंनी कार्डावरच्या नावाला हात जोडले. नवरा फॅक्टरीत फोन करायला बाहेर धावला. आक्काच्या डोळ्यांना धार लागली, आणि तिनं ती लपवलीसुद्धा नाही.

मॅडम दारापर्यंत जाऊन वळल्या. "हो, आमच्या दुकानाचा एक नियम आहे. प्रत्येक पाकिटाच्या कप्प्यात बनवणाऱ्याचं कार्ड हवं. बाहेर डोकावता कामा नये, नीट आत बसलेलं हवं."

"असणारच!" आक्का म्हणाली. आधी म्हणाली आणि मग तिला समजलं.

सोमवारी नवरा फॅक्टरीत गेला नाही. सकाळी आठला तो घरच्या पुढच्या खोलीत फरशीवर बसला. एका बाजूला कार्डांचा ढीग, दुसऱ्या बाजूला हातोडी. प्रत्येक कार्डाची मधोमध घडी घालायची आणि ती हातोडीनं ठोकून सपाट करायची. कागद इतका जाड, की नीट ठोकली नाही तर घडी कप्प्यातल्या कप्प्यात उघडते आणि पाकीट आपोआप आ वासतं! छापखान्याच्या पायरीचा विषय काढायचा नाही, हे घरात ठरलेलं होतं.

घडी, ठोक. घडी, ठोक. साठावं कार्ड झाल्यावर त्यानं अवघडलेली मान इकडे-तिकडे वळवली आणि तो पुटपुटला, "फॅक्टरीत निदान दहाला चहा तरी यायचा."

"काही म्हणालात?" आक्कानं आतून विचारलं.

"छे! घरी बरं वाटतंय म्हटलं."

"मग शंभर पुरी करा," आक्का म्हणाली. "तोवर टाकतेच चहा."