दाजींचे बांगडे

दाजींनी जन्मात कधी मासा खाल्ला नाही, आणि रोज सकाळी बांगडे विकत घेतल्याशिवाय चहाला तोंड लावलं नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या आळीत हा नित्याचा सोहळा होता. सोवळं नेसलेले दाजी दाराच्या दगडी गडग्याशी उभे राहायचे आणि खाडीपलीकडच्या भाट्याहून येणाऱ्या रखमा खारविणीला हाक मारायचे.

"काय गो, ताजे आहेत ना?"

"तुमास्नी काय कलतंय त्यातलं?"

"काही कळत नाही. घाल."

ती केळीच्या पानावर बांगडे घाली. दाजी ते चिमट्याने धरून, मान फिरवून परसात नेत आणि मांजरांपुढे टाकत. बाजारात अळूच्या जुडीसाठी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस रखमाशी कधी घासाघीस करत नसे. आळीला अर्थातच संशय होता. माझी आई तर त्यांच्या स्वयंपाकघराकडून वारा आला की हातातलं काम टाकून नाक वर करी. पण तळणीचा वास काही आला नाही.

दाजी कोर्टात कारकून होते, विधुर होते, आणि वाद घालणं हा त्यांचा एकमेव षोक होता. "माझ्यापुरतं मी बघतो," हे त्यांचं पालुपद. विहिरीत औषध टाकायला माणूस आला, "माझ्यापुरतं मी बघतो." देवी टोचणारा आला, तेव्हा तर दाजींच्या उत्साहाला ऊतच आला. त्याला ओटीवर बसवून, कोकम सरबत पाजून त्यांनी दुपारभर भांडून घेतलं. "हा दंड माझा. त्यावर सरकारचा काय हक्क?" टोचणारा दमून गेला. दाजींसारखा शिकलेला माणूस नको म्हणतो म्हटल्यावर आळीतल्या इतर दारांनाही कड्या लागल्या. आमच्याही.

मग देवीची साथ आली. पहिले दाजी आजारी पडले, मागोमाग आळीतली आणखी माणसं. म्युनिसिपालटीने गावाबाहेर कातळाच्या सड्यावर रोग्यांसाठी माडाच्या झापांची शेड उभारली. गावात डॉक्टर एक, नर्स एक. दोघंही तिकडे अडकली. दवाखान्यात बायकांसाठी खोली बांधायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे झापं, चुना, दूध आणि राखणदार यांत गेले. दवाखान्याला कुलूप लागलं.

त्याच दिवसांत रखमाला डोलीत घालून खाडीपलीकडून आणलं होतं. बाळंतपण अडलेलं. माणसं कुलपासमोर बसून राहिली. रखमा वाचली, मूल गेलं.

दाजी बरे होऊन आले ते तोंडभर वण घेऊन. दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना रखमाची ही हकिगत सांगितली. त्यानंतर त्यांचं पालुपद बंद झालं आणि बांगडे सुरू झाले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. "तोंड खरवडलं गेलं त्याची लाज नाही रे वाटत. याची वाटते."

"तिला सांगून टाका की."

"सांगितलं आणि ती यायची बंद झाली तर?" दाजी म्हणाले. "दिवसभरात माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?"

पुढे रखमाला मुलगी झाली. नंतर एकदा ती लागोपाठ काही दिवस आलीच नाही. दाजींचं चित्त थाऱ्यावर राहीना. शेवटी मला बरोबर घेऊन ते होडीने भाट्याला गेले. रखमाच्या घरापुढच्या खळ्यात टोचणारा उभा होता आणि ती तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन त्याला हाकलत होती; त्याच्याच धास्तीने तिने घर सोडलं नव्हतं. दाजींना पाहून तिला जोर आला.

"ह्येंनाच इचारा! ह्येंनी कुटं टोचून घेतलं? हायत का नाय जित्ते?"

टोचणारा दाजींकडे बघायला लागला.

"रखमा," दाजी म्हणाले, "मी जगलो. पण तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं ना, ते माझ्यामुळे. डॉक्टर माझ्या उशाशी बसला होता गो. आणि तुझं..."

रखमाने लेकीवरचा पदर सारखा केला.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. गावात समद्यास्नी ठावं हुतं. आन् मांजरांसाटी कोन रोज बांगडं घेतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून वाट बगीत हुते."

मग तिने पदराखालची मुलगी काढली, टोचणाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती दाजींच्या हातांत दिली. "धरा. मला बगवायचं नाय."

दाजींनी याआधी तान्हं मूल कधी घेतलंही नसेल. पण त्यांनी तो इवला दंड घट्ट धरला. मुलगी किंचाळली. टोचणारा पेटी आवरून शेजारच्या घरी गेला. मुलगी रडायची थांबली, तरी दाजी तिला छातीशी घेऊन खळ्यात उभेच होते, आणि तिलाच पुन्हा पुन्हा सांगत होते, "चुकलं गो माझं. चुकलं."