खोली रिकामी करून मिळेल

लोकशाहीत शेवटचा शब्द जनतेचा असतो. फक्त तो ऐकून घेणारं कुणीतरी लागतं.

बाईंनी हयातभर नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना एकच अडचण उरली, खालच्या खोलीतला भाडेकरू. भाडं देईना, खोली सोडीना, शिवाय जिन्यात सायकली लावी. बाई कायद्यानं चालणाऱ्या. त्यांनी खटला भरला. न्यायालयानं अकरा वर्षं प्रकरणाचा इतका सखोल विचार केला, की तेवढ्यात बाईंचे वकील थकून घरी बसले आणि भाडेकरूचे वकील न्यायाधीश झाले.

शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, एकदा दाजींच्या कानावर घालून बघ."

हे दाजी म्हणजे कुणाच्या बहिणीचे यजमान नव्हेत. सारं शहर त्यांना दाजी म्हणे, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते निवडणुकीला उभे होते. त्यांच्यावर खुनाचे तीन गुन्हे होते. एकातला साक्षीदार फिरला, एकातला सापडला नाही आणि तिसऱ्यातला सध्या त्यांचा प्रचारप्रमुख होता.

बाई अंग चोरून गेल्या. दाजी पाया पडले, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली नाही. (न्यायदानातली ही सुधारणा बाईंच्या लगेच लक्षात आली.) दुसऱ्याच दिवशी भाडेकरूनं स्वखुशीनं खोली सोडली. जाताना झाडून दिली, बाईंची माफीही मागितली. जबडा बांधलेला असताना मागता येईल तेवढी.

बाईंना फार वाईट वाटलं. पण त्याच आठवड्यात मतदान होतं, आणि उपकार विसरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

दाजी निवडून आले. जनसंपर्क कार्यालयाला जागा हवी होती, आणि बाईंची खोली आयतीच रिकामी होती. भाड्याचा विषय बाईंनी काढला नाही. जिन्यात आता सायकलींऐवजी माणसं बसतात. बाई त्यांना "जरा सरकता का" म्हणत वर जातात.

"पुन्हा खटला भरायचा का गं?" बहिणीनं दबक्या आवाजात विचारलं.

"वेडी की काय," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी दाजींचा पुतण्या त्यांच्याविरुद्ध उभा राहतोय. त्याच्यावर पाच आहेत म्हणे."

लोकशाहीत पर्याय असतो, तो असा.

हे वाचून सुजाण वाचकांना चीड येईल, आणि यावीच. ती ओसरल्यावर ज्यांना दाजींच्या कार्यालयाचा पत्ता हवा असेल, त्यांनी सकाळी लवकर यावं. उशिरा रांग लागते, आणि रांगेत ओळखीची माणसं फार भेटतात.