तक्रार हाय का?

सकाळी सात वाजता दारावर थाप पडली की आमच्या गल्लीतल्या बायका हातात पातेलं घेऊनच दार उघडायच्या. दारात दूधवाला नसायचा. पांढरा पायजमा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, काखेत लांबडी वही आणि कानावर पेन्सिल अशा थाटात सुखदेव तायडे उभा असायचा. तो विचारायचा, "काकू, तक्रार हाय का?"

नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं.

"थोडीशी बी नाई? काल पोट्टे तुमच्या ओट्याजवळ गाने म्हनत होते. आठवून पाहा ना!"

एखादीनं आठवून तक्रार दिली की स्वारी खूश. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून तो ती लिहून घ्यायचा, खड्या आवाजात वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "हे झाली वरची. आता आतली सांगा." काही बायका तर केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून तक्रार करायच्या.

तायडेला हा नाद लागला तो आमच्या प्राचार्यांमुळे. अमरावतीतलं आमचं कॉलेज तेव्हा भराभर वाढत होतं. वसतिगृह पुरेना, म्हणून कॉलेजनं मागच्या गल्लीत दोन घरं भाड्यानं घेतली आणि त्यांत आम्हा चाळीसेक पोरांना कोंबलं. गल्ली जुनी, माणसं तीन-तीन पिढ्यांची. आम्ही सगळे खेड्यापाड्यांतून आलेले, घशाला आणि पायांना लगाम नसलेले. दिवाळीपर्यंत गल्लीनं अर्ज केला की ही पोरं इथून काढा. घरांचा मालक राहायचा नागपूरला. त्यानं कळवलं, गल्लीला नको असतील तर मार्चनंतर घरं मिळणार नाहीत. म्हणजे चाळीसातल्या निम्म्या पोरांचं शिक्षण तिथंच थांबणार होतं. बाहेर खोली घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. तायडेची तर नव्हतीच.

प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. मला आणि तायडेला. "आजपासून तुम्ही शेजार-प्रतिनिधी," ते म्हणाले. "गल्लीशी आपले संबंध सुधारायचे. त्याबद्दल तुम्हाला एन.सी.सी.च्या परेडमधून सुटी."

परेडचं नाव ऐकताच मी हो म्हणून टाकलं. तायडेनं विचारलं, "सर, लोक घरात घेतीन का?"

प्राचार्य म्हणाले, "ते तुलाच पाहावं लागेल."

मी अकोल्याच्या धान्यबाजारातल्या अडत्याचा मुलगा. गोड बोलणं घरातच शिकलेलो. मी माफीचं एक सुंदर भाषण पाठ केलं. तायडेनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माफी मांगू नोको, सदा. माफी मांगतली का मानूस चूप बसते. आन चूप बसला का तक्रार आतच राह्यते."

तो बार्शीटाकळीकडचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता आणि घराण्यात कॉलेजात आलेला तो पहिलाच. बोलायला लागला की थांबायचा नाही. पण स्वतःच्या घराबद्दल कधी अवाक्षर काढायचा नाही.

पहिला मोठा विजय मिळाला तो गोदाकाकूंकडे. या एकट्या राहणाऱ्या, पोरं नोकरीला लांब. त्यांनी गच्चीवर मूगवड्या घातल्या होत्या आणि आमच्या पोरांचा व्हॉलीबॉल नेमका त्यावर पडला होता. दुसऱ्या दिवशी तायडे सहा खेळाडूंना घेऊन गच्चीवर हजर. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या आणि सहा धिप्पाड पोरं लुगड्यावर वड्या घालतायत. कुणाची वडी बोराएवढी, कुणाची पेढ्याएवढी.

"हे वडी हाय का ढेकूळ?" काकू ओरडायच्या. "तुह्या मायनं काई शिकवलं नाई का तुले?"

संध्याकाळपर्यंत काकूंचा आवाज बसला आणि पोरांच्या कमरा धरल्या. तायडेनं वही उघडली. "हे वरची मिटली, काकू. आता आतली?"

काकू जरा वेळ पदराला बोटं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "येवढे पोट्टे माह्या दारावरून जाते. एक मेला 'काकू, काय करून राहिल्या' म्हनून इचारत नाई."

तायडेनं ते जसंच्या तसं लिहिलं. रात्रीच्या जेवणाला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसच्या चाळीस पोरं एकामागून एक काकूंच्या दारावरून गेली आणि प्रत्येकानं विचारलं, "काकू, काय करून राहिल्या?" पंचविसाव्याला काकूंनी झाडू दाखवला. पण त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या.

तायडे पोरांच्याही तक्रारी लिहायचा. त्यातली सगळ्यात मोठी तक्रार होती भाऊसाहेब देशमुखांच्या बैलांची. भाऊसाहेब गल्लीतले बडे शेतकरी. घर मोठं, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांचे बैल आमच्या दारापुढे बांधलेले असायचे. अर्जावरची पहिली सहीही भाऊसाहेबांचीच होती.

त्यांच्याकडे आम्ही गेलो तेव्हा भाऊसाहेबांनी मला नाव-गाव विचारलं आणि आत बोलावलं. तायडेला विचारलं आणि म्हणाले, "तू फाटकाबाहेरूनच बोल." मी आत बसलो, चहा प्यालो. आज मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी तो चहा प्यालो हे खरं आहे. बाहेर आलो तेव्हा तायडे पेन्सिलीला टोक काढत होता. त्यानंतर मी त्या घरात पुन्हा गेलो नाही. तो मात्र रोज जायचा. फाटकाबाहेर उभा राहून हाक द्यायचा, "भाऊसाहेब, तक्रार हाय का?"

आठ-दहा दिवस भाऊसाहेबांनी उत्तर दिलं नाही. मग एक दिवस ओट्यावरून गरजले, "हाय! तूच हाय तक्रार!"

"लिवू का?"

"लिव!"

तायडेनं लिहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "तक्रारदार, भाऊसाहेब देशमुख. तक्रार, सुखदेव तायडे. स्वरूप, रोज येते. बराबर हाय ना?"

समोरच्या घरातल्या काळे मास्तरांना हसू आवरेना. ते घाईघाईनं आत निघून गेले.

असं करत फेब्रुवारी उजाडला. वही भरत आली. आणि एका रविवारी भाऊसाहेबांनी आपल्या अंगणात गल्लीची सभा बोलावली. मालकाचा मुनीम नागपूरहून आला होता. घरं द्यायची की काढायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं. भाऊसाहेबांनी डाव मोठा हुशारीचा टाकला होता. त्यांनी निरोप धाडला, "तायडेला वही घेऊन बोलवा. पोट्ट्यायच्याच मानसानं लिवलेल्या तक्रारी हायेत. याहून मोठा पुरावा कोनता?"

आमचं धाबं दणाणलं. वहीत पोरांविरुद्ध काय नव्हतं! पोरांनी तायडेला घेरलं. कोणी म्हणे वही हरवली म्हण, कोणी म्हणे बंबात घाल. मीही म्हणालो, "अरे, अर्धी पानं तरी फाड."

"तक्रार लोकायची हाय," तो म्हणाला. "मी कोन फाडनारा?" आणि वही काखेत मारून निघाला. मागून आम्ही चाळीस जण, मान खाली घालून.

अंगणात सतरंजीवर सगळी गल्ली बसली होती. तायडे फाटकाशी थांबला.

"वाच," भाऊसाहेब म्हणाले.

"अठूनच वाचू, का आत येऊ?"

त्यानं हे अगदी साध्या आवाजात विचारलं. पण अंगणातली कुजबुज एकदम बंद झाली. तो काय विचारतोय हे तिथं सगळ्यांना कळलं होतं. कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात गोदाकाकू म्हणाल्या, "मले बापा इतक्या दुरून आयकू येत नाई." काकूंना चार घरं पलीकडची कुजबुज ऐकू यायची.

भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ये. आत ये."

तायडे आत आला. चपला फाटकाशी काढल्या, सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसला आणि वही उघडली.

"तक्रार पयली. काळे मास्तरची शिडी कॉलेजच्या पोट्ट्यायनं पळवली."

मुनीमानं मान हलवली. भाऊसाहेबांनी ओठ आवळले. तायडे एकेक वाचत गेला. बॉल, गाणी, सायकलच्या घंट्या. आमच्या माना आणखी खाली. मग तो म्हणाला, "तक्रार एकोनिसावी. गोदाकाकूची. भाऊसाहेबाच्या गोठ्याले काळे मास्तरची शिडी लावून ठेवली हाय. तिच्यावरून माकडं माह्या गच्चीवर येते."

आणि जो हशा फुटला! काळे मास्तर उठून उभे राहिले. "माझी शिडी? तुमच्या गोठ्यात?"

भाऊसाहेब स्वतः उठून गोठ्यात गेले. बाहेर आले आणि एकच शब्द बोलले, "हाय."

पुढं वाचन म्हणजे तमाशाच झाला. पोरांच्या नावावर खपलेला, रात्री मोठ्यानं वाजणारा रेडिओ मास्तरांच्याच घरातला निघाला. विहिरीची तुटलेली दोरी मास्तरांच्या मेव्हण्यानं तोडली होती. लोक एकमेकांवर ओरडत होते आणि हसतही होते. तायडे मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाचत होता. शेवटच्या पानांवर सूर बदलला. "पोट्टे संक्रांतीले घरी गेले तं पानी ओढाले कोनी नाई." "संध्याकाळी पोट्टे दिसले नाई का गल्ली सुनी वाटते." वाचता वाचता त्याचा आवाज थोडा हळू झाला.

मुनीमानं चष्मा पुसला. "मग या अर्जाचं करायचं काय?"

"माझी सही काढा," काळे मास्तर म्हणाले. मागोमाग एकेक जण तेच म्हणू लागला. राहिले भाऊसाहेब.

"तुमची बी एक तक्रार हाय," तायडे त्यांना म्हणाला. "वाचू?"

"नोको. पाठ हाय मले." भाऊसाहेबांनी मुनीमाच्या हातातून अर्ज घेतला आणि त्याचे दोन तुकडे केले. "माही तक्रार राहू दे वहीत. हा उद्यापासून आला नाई, तं दुसरी लिवीन."

पुढचं काय सांगू! पोरांनी तायडेला खांद्यावर घेतलं आणि बादल्या बडवत गल्लीतून मिरवणूक काढली. त्यात भाऊसाहेबांचे बैलही होते, कारण कोणीतरी ते सोडले होते. गोदाकाकू गच्चीवरून ओरडल्या, "काय गोंधळ मांडला हाय रे मेल्यांनो!" खांद्यावर बसलेला तायडे लगेच कान चाचपायला लागला. पेन्सिल कुठंतरी पडली होती.

त्या उन्हाळ्यात मी अकोल्याहून सायकल मारत त्याच्या घरी गेलो. गावात विचारलं तर लोकांनी गावाबाहेर बोट दाखवलं. दोन मैल कच्चा रस्ता, मग एक जुना संत्र्याचा बगीचा आणि त्यात एक झोपडं. वडील तिथं रखवालदार होते, ते वारल्यावर माय रखवाली करायची. आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत दुसरं छप्पर नव्हतं.

"मी अठीच मोठा झालो," तायडे म्हणाला. "शेजार काय असते, मले कॉलेजात आल्यावर समजलं."

माय भाकरी थापत होती. मी बसतो न बसतो तोच तिनं विचारलं, "गोदाबाईच्या गुडघ्याचं कसं हाय आता? तेल लावून राहिली का?" मी काही बोलायच्या आत पुढचं. मास्तराची लेक माहेरून गेली का? भाऊसाहेबाच्या घरची आता जेवते का बराबर? आणि त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीचा पोपट परत आला का? मी वर्षभर त्या गल्लीत राहिलो होतो. त्या म्हातारीकडे पोपट होता हेही मला माहीत नव्हतं. सुखदेव घरी आला की रोज मायला एकेक घर सांगायचा. जे मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. जे नव्हतं तेही सांगितलं.

भाकरी वाढताना तिनं हळूच विचारलं, "मी आली तं बोलतीन का बापू माह्याशी?"

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा तायडेनं मायला सोबत आणलं. नवं लुगडं, डोक्यावर बोचकं. ती गल्लीत शिरली आणि कोणी न सांगता एकेक घर ओळखत चालली. "हे मास्तराचं. हे म्हातारीचं." चौथ्या घरापाशी थांबली. ओट्यावर गोदाकाकू डाळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सुखदेवची माय का व तू?" त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला सरकवून ओट्यावर जागा केली. "उभी काहून हायेस? बस."

माय बसली. दोघी अशा बोलायला लागल्या की जणू कालचंच बोलणं अर्धं राहिलं होतं. तायडे मायचं बोचकं छातीशी धरून रस्त्यात उभा होता. मी त्याला हाक मारली. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.