पन्नास भाराचे तोडे

बदनापूरच्या त्या गल्लीत रिझर्व्ह बँकेपेक्षा संध्याच्या शब्दाला वजन होतं! एम. कॉम., फर्स्ट क्लास. कडेवर दीड वर्षाची पायल आणि हातात मोबाईल. त्यात सोन्या-चांदीच्या भावाचं ॲप, बातम्यांचं ॲप, आणि कितीदाही विचारलं तरी न चिडता उत्तर देणारं एक ॲप. हा शेवटचा गुण नवऱ्यातही नव्हता.

"जग कळलं की पैसा कळतो," असं ती म्हणायची.

दोनदा तिचं खरंही ठरलं होतं. "व्याज उतरणार, एफडी आत्ताच करा," म्हणाली आणि महिन्याभरात व्याज उतरलं. "तिकडं तोफा वाजल्या की इकडं चांदी चढते," म्हणाली आणि चढली. तिसऱ्यांदा चुकली, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्याही.

तेव्हापासून समोरच्या कांताबाई तिच्या दारावर नजर ठेवून असायच्या. दुधाच्या पातेल्यावर मांजरीची असते तशी.

त्या आठवड्यात संध्याच्या सासूबाई, कौसल्याबाई, भोकरदनला लग्नाला गेल्या. जाताना कपाटाकडं बोट केलं.

"माझे पन्नास भाराचे, अर्ध्या किलो चांदीचे तोडे हायेत त्यात. पायलचे हायेत ते. भाव चढू दे न्हाई तर पडू दे, हात लावू नको."

"आत्याबाई, मी कशाला लावू!" संध्या म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

शुक्रवार उजाडला. दहा वाजता रिझर्व्ह बँक व्याजदर जाहीर करणार होती, तिकडं लढणाऱ्या दोन देशांची तहाची बोलणी होती, आणि अकराला जालन्यात पायलची लस होती. नवरा बुद्धभूषण ड्युटीवर. म्हणजे घर रिकामं! रिकाम्या घरात तोडे? संध्याच्या डोळ्यांपुढं लगेच चार चोर उभे राहिले, चौघांनाही कपाट माहीत! तिनं तोडे लंगोटांत गुंडाळले, बाळाच्या पिशवीत तळाशी घातले, वर दुधाची बाटली ठेवली. पिशवी उचलली तशी ती खळ्ळकन वाजली.

दारात कांताबाई मेथी निवडत होत्या. निघत्या माणसाला 'कुठं' विचारू नये, काम होत नाही. हा नियम त्यांनी जन्मभर पाळलेला.

"लांब का गं?"

"जालन्याला."

"काही खास?"

संध्यानं नुसती डोळ्यांनी खूण केली. 'सुई' म्हणा की 'लस', शब्द पायलला कळत होता. तो ऐकला की जालन्यापर्यंत भोंगा! कांताबाईंना मात्र त्या खुणेत अख्खं पतधोरण दिसलं.

रिक्षा वळली न वळली तोच मेथी तशीच टाकून त्या दैवशालाच्या दारात.

"ऊठ गं! संध्या चांदी घेऊन जालन्याला गेली. पिशवी वाजली ना, मी ऐकली!"

"इकायला?"

"मंग काय मिरवायला? आज बँकेचं हाये म्हनत व्हती. भाव पडून राह्यला असन!"

"तिनं सांगितलं?"

"सांगती कशाला? डोळा मारला!"

अर्ध्या तासात अकरा बायका जालन्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये बसल्या होत्या. कुणाच्या पदरात जोडवी, कुणाच्या वाळे, एकीच्या तर देवघरातली समई!

इकडं दवाखान्यात नंबर बाविसावा. पायल रडू नये म्हणून संध्यानं मोबाईलवर कार्टून लावलं. बरोबर दहाला, बँक बोलायच्या वेळेला, बॅटरी संपली. नंतरचे दीड तास संध्याचा जगाशी संबंध तुटला. विहिरीत दोर सुटल्यासारखं वाटत होतं तिला.

सुई झाली, रडणं झालं. परत निघालेली रिक्षा सराफ्यातून वळली आणि संध्याचे डोळे विस्फारले. कल्याणशेठच्या दुकानापुढं ही गर्दी! त्यात दैवशाला! आणि समई काखोटीला मारून दुसरी!

"थांबवा, थांबवा!" ती उतरली. "कांताबाई, काय झालं हो?"

"ये बाई!" कांताबाईंनी रिकामा बटवा झटकला. "आम्हालाच इचारती का? जशी तुला म्हाईतच न्हाई!"

आता एम. कॉम. बाईनं 'नाही माहीत' म्हणावं कसं?

"नाही म्हणजे... माहितीच आहे," संध्या म्हणाली. मनात मात्र वावटळ उठली. व्याज वाढलं असणार. तह झाला असणार. चांदी कोसळली असणार. आणि मोबाईल मेलेला!

तिनं लंगोट सोडले.

"शेठ, हे पन्नास भार."

"आज भाव कमी लावतोय, ताई," कल्याणशेठ घाम पुसत म्हणाले. "सकाळपासून समदे इकूनच राह्यलेत. काहीतरी असल्याबिगर न्हाई!"

संध्या रांगेत शेवटची होती. भावही तिलाच सगळ्यांत कमी मिळाला.

संध्याकाळी मोबाईल चार्ज झाला. व्याजदर: आहे तसाच. बोलणी: पुढं ढकलली. चांदी: सकाळपेक्षा वर. तिनं न चिडणाऱ्या ॲपला विचारलं, मग बदनापुरातल्या बायकांनी का विकली? ॲपनं नम्रपणे कळवलं, की याबाबत माहिती उपलब्ध नाही.

माहिती कांताबाईंकडं होती.

"आगं, तू निघाली म्हून तर आम्ही निघालो!"

रविवारी कौसल्याबाई आल्या. संध्यानं युद्ध, व्याज, डॉलर, आणि मिळालेल्या पैशात आता पंचेचाळीसच भार येतील हेही, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या देशांचं मला काई कळत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "पन सराफाच्या दारात गर्दी दिसली की माघारी फिरावं, येवढं कळतं. आता पायलचे तोडे तूच करायचे. पन्नास भाराचे. पंचेचाळीसचे न्हाई."

पंचेचाळीस भार त्याच पैशात परत आले; उरलेल्या पाचांसाठी तेव्हापासून संध्या महिन्याला एक भार घेते, भाव न बघता. तीन झालेत.

परवा पायलची पुढची लस होती. या वेळी संध्या दारात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "लसीला चाललेय हो! फक्त लसीला! पिशवीत काही नाही!"

पायलनं भोंगा लावला.

कांताबाईंनी मेथी खाली ठेवली.

"दैवशाला," त्या हळूच म्हणाल्या, "ऊठ. लपवून राह्यली. या टायमाला काहीतरी लई मोठं हाये!"