मागून बसणारी भूक

कानाझावाच्या मासळीबाजारातल्या त्या दुकानासमोर रांगेत माणसं उभी राहत नाहीत, त्यांच्या भुका उभ्या राहतात. देवळाबाहेर चपला ठेवून बिल्ला घ्यावा, तशी दारातल्या टेबलावर भूक जमा करायची, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि आपण मोकळं हिंडायला जायचं. नंबर लागला की बिल्ला थरथरतो. मग यायचं, भूक ताब्यात घ्यायची आणि जेवायला बसायचं. गर्दीच एवढी असते की दुकानाला दुसरा उपाय नव्हता, असं सहलीच्या गाइड शलाका मॅडमनी बसमध्येच समजावून सांगितलं होतं.

नलिनीताई टिपणीस या दुकानासाठीच जपानला आल्या होत्या. रोह्याच्या टिपणिसांकडे बाकी सगळं कमी-जास्त चालतं, मासळीत तडजोड नाही. इथे काइसेनदोन मिळतो, म्हणजे वाडगाभर भात आणि त्यावर सात-आठ तऱ्हेच्या कच्च्या मासळीचे काप, हे त्यांनी वर्षापूर्वी फोनवर पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. फुजी पर्वत दिसला काय आणि ढगात गेला काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. या गावात मुक्काम एकच दिवस. दुकान दोनला बंद होणार, सव्वादोनला बस सुटणार आणि उद्या परतीचं विमान.

साडेअकराला त्यांनी भूक जमा केली. दिसायला ती त्यांच्यासारखीच होती, जरा बुटकी. ताई सहलीत पंजाबी ड्रेस आणि बूट घालून फिरत होत्या, पण भूक साडीत होती आणि तिने पदर खोचला होता. टेबलामागच्या हायाशीसान नावाच्या गृहस्थांनी तिची उंची वहीत उतरवली आणि ताईंना सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला दिला. ताईंचे यजमान मधुकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची भूक चांगली धष्टपुष्ट होती, आल्या आल्या बसायला पाट कुठे आहे ते बघू लागली. तिला अठ्ठेचाळीस नंबर मिळाला.

भूक जवळ नसल्यामुळे बाजार निवांत बघता आला. ताईंनी सवयीने एका माशाचे कल्ले उघडून पाहिले. विक्रेत्याने कमरेत वाकून त्यांना हातमोजा आणून दिला, मग त्यांनी आणखी चार पाहिले. पाचही ताजे निघाले, त्यामुळे घासाघीस करायला काही जागाच राहिली नाही.

सव्वाबाराला मधुकररावांचा बिल्ला थरथरला. सत्तेचाळीसच्या आधी अठ्ठेचाळीस कसा, असं ताईंच्या मनात आलं, पण यजमानांचं आधी होण्यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या तासाने ते दातकोरणं घेऊन बाहेर आले. फारच सुंदर आहे म्हणाले, आणि तुझं झालं का, असं विचारून बाकावर बसले.

दीड वाजला तरी ताईंचा बिल्ला गप्पच. शेवटी शलाका मॅडमना घेऊन त्या टेबलापाशी गेल्या. हायाशीसाननी वही उघडली आणि एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं. अकरा पन्नासला सत्तेचाळीस नंबरच्या भुकेने एका जर्मन जोडप्याच्या भुकांना पुढे जाऊ दिलं. बारा वाजता तिने तीन लहान मुलांच्या भुकांना जागा दिली, बारा दहाला यजमानांच्या. त्यानंतर ओसाकाहून आलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांचं अख्खं मंडळ. आतापर्यंत एकूण एक्केचाळीस जण. दर वेळी भूक एकच वाक्य म्हणाली होती. हायाशीसाननी ते कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते जपून, अक्षर-अक्षर सुटं करत म्हटलं, "तुम्ही बसा, मी मागून बसते."

ताईंनी खाली मान घातली. वाक्य ओळखीचं होतं.

हायाशीसानना त्याचा अर्थ हवा होता, कारण वहीत अर्थासाठी वेगळा रकाना होता. शलाका मॅडमनी तो सांगितला. त्यांनी तो लिहिला, पुढच्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं आणि अगदी आदराने विचारलं, "मागून म्हणजे किती वाजता?"

हा प्रश्न ताईंना एक्केचाळीस वर्षांच्या संसारात कोणी विचारला नव्हता. सासरे, दीर, पाहुणे, मुलं, मुलांचे मित्र, मग जावई, सगळे जेवून उठले आणि बडीशेप खात "हो, बस आता," असं म्हणत गेले, पण वेळ कोणी विचारली नाही. हायाशीसाननी तो रकाना कोरा ठेवला.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. नियम सहाप्रमाणे, स्वखुशीने सोडलेली जागा परत मिळत नाही. दुकान बंद होईपर्यंत भूक बसली नाही, तर ती जमा करणाऱ्याला परत देतात, आणि त्याने पोच म्हणून सही करायची असते. कागदावर एकच ओळ होती. शलाका मॅडमनी ती मराठीत वाचून दाखवली: मला भूक नव्हती.

ताईंनी पेन घेतलं. तोंडाने हे त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा सांगितलं होतं. सुरमईच्या मधल्या तुकड्या संपून शेपटी उरली की हमखास सांगितलं होतं. पण लिहून द्यायची वेळ कधी आली नव्हती, आणि आता शाईने लिहायचं म्हटल्यावर त्यांना त्याचा एकदम संताप आला. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मला भूक होती," त्या म्हणाल्या. "आहे."

हायाशीसाननी मान तुकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन झाले होते. आत एका वाडग्यापुरता भात शिल्लक होता. रांगेत आता फक्त ताईंची भूक होती आणि तिच्या मागे पुन्हा मधुकररावांची, कारण बाकावर बसल्या बसल्या त्यांना आणखी थोडी लागली होती आणि त्यांनी ती रीतसर जमा केली होती. ताईंच्या भुकेने मागे वळून पाहिलं, पदर सावरला आणि बाजूला सरायला सुरुवात केली.

ताईंनी जाऊन तिचा दंड धरला आणि बाकाकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो, आज तुम्ही मागून बसा."

मधुकररावांनी दातकोरणं खाली ठेवलं. समोर नवी फाइल आल्यासारखा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "चालेल." आणि उठून आपल्या भुकेला बाकावर घेऊन गेले.

तरी ताईंची भूक बसायला तयार होईना. सगळ्यांचं झालं का, तिने विचारलं. झालं, ताई म्हणाल्या. मागून कोणी यायचं आहे का? कोणी नाही. मग आधी झाकपाक करू का? त्यावर ताईंनी पाहुण्याला बसवतात तसं तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, आणि तिथेच नियमाप्रमाणे ताब्यात घेतली. ती इतकी जड असेल अशी त्यांना कल्पना नव्हती. त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

वाडगा आला. भात कोमट होता. वर लालसर मासा, पांढरा मासा, गोडसर कोळंबी आणि नारिंगी मण्यांसारखी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. ताईंनी सवयीने शेपटीकडचा काप शोधला. आचाऱ्याने शलाका मॅडमकरवी कळवलं की शेपटी वाडग्यात जात नाही, सगळे काप मधलेच असतात. ताईंनी ते ऐकून घेतलं, बूट काढून खुर्चीवर चक्क मांडी घातली आणि त्या शेवटच्या शितापर्यंत जेवल्या. मधे एकदाही कोणाला काही हवंय का बघायला उठल्या नाहीत. त्यांना फार बरं वाटलं.

निघताना त्यांनी बिल्ला परत केला. हायाशीसाननी सही न झालेला कागद फायलीला लावला, वही उघडली आणि तो रिकामा रकाना त्यांच्यासमोर धरला.

"मागून म्हणजे एक वाजून बावन्न मिनिटांनी," नलिनीताई म्हणाल्या.

हायाशीसाननी तसं लिहिलं, शिक्का मारला आणि वही मिटली.