खोपीतली वही

डोकं मागे बेसिनमध्ये आणि डोळ्यांवर साबणाचा फेस असताना माणसानं कुणालाही कसलंही वचन देऊ नये. मी दिलं. केस धुता धुता ग्लेनिसनं विचारलं, "हेझल, तू रविवारी सकाळी गायब कुठे होतेस गं?"

"पक्षी बघायला. ये की एकदा!" मी बोलून गेले.

(इंग्लंडात नॉरफोकमधल्या आमच्या गावात ग्लेनिसचं केस कापायचं दुकान आहे. तीस वर्षांत ती सलग दोन मिनिटं गप्प बसलेली कुणी पाहिलेली नाही.)

मला काळजी होती ती बिटर्नची. बिटर्न म्हणजे वाळक्या बोरूच्या रंगाचा आणि बोरूतच लपून बसणारा बगळा. नऊ हिवाळे मी त्याची वाट बघत होते. आमच्या पक्षीमंडळात तो न पाहिलेली मी एकटीच. आणि चिटणीसही मीच!

रविवारी चारला उठून सँडविचेस केली, थर्मास भरला. गाडीत तिला बिटर्नचं चित्र दाखवलं आणि दोनच नियम सांगितले. "पक्षी बघायच्या खोपीत शिरलं की काही झालं तरी आवाज काढायचा नाही. आणि जे दिसेल ते तिथल्या वहीत लिहायचं. वेळ, संख्या, काय करत होतं ते."

"शिंक आली तर?"

"गिळायची."

"तुमचं मंडळ आहे की मठ गं?"

पाणथळीच्या काठी लाकडी खोपीत बसलो. बाक गार आहे, बदकं सगळी सारखीच दिसतात, सँडविचमध्ये काकडी जास्त झालीय, असं तिचं कुजबुजत चालूच होतं. मी चौथ्यांदा ओठांवर बोट ठेवलं तेव्हा ती फुरंगटली आणि चक्क गप्प झाली.

एवढी शांतता मला सोसली नाही. जरा डोळे मिटले. (जरा म्हणजे पन्नास मिनिटं, हे नंतर कळलं.)

जाग आली तर ग्लेनिस लालबुंद होऊन दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसलेली. मला ओढतच तिनं बाहेर नेलं.

"अगं, केवढा होता! अगदी खिडकीसमोर! तू दाखवलेल्या चित्रासारखा, मान ताठ करून! चांगला अर्धा तास होता!"

"मग मला उठवलं का नाहीस?"

"काही झालं तरी आवाज नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"अगं बाई, कोपरानं ढोसायचंस तरी!"

"ढोसलं की! दोनदा. तू म्हणालीस, 'उद्या बघू.'"

निदान दुसरा नियम तरी ती विसरली असेल, या आशेनं मी आत जाऊन वही उघडली. नव्हती विसरली. ठळक अक्षरात लिहिलं होतं:

'आठ पन्नास. बिटर्न, एक. मासे खात होता. चिटणीस, एक. घोरत होती. बिटर्न घाबरला नाही.'

ही वही महिनाअखेरच्या सभेत सर्वांसमोर मोठ्यानं वाचून दाखवावी लागते. ते काम चिटणिसाचं.